काचघराची शाकारणी

ऑक्टोबर उजाडला की आमच्याकडे एक ठरलेलं काम निघतं. रविवारी सकाळचा चहा झाला की मी शिडी, हातमोजे आणि क्लिपांचा डबा घेऊन परसात जाते आणि ग्रीनहाऊसची एकेक काच हलवून बघते. नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारतो, "झाली का शाकारणी सुरू?" इंग्लंडातल्या या डरहॅमच्या डोंगराळ कोपऱ्यात हा शब्द आणखी कोणाच्या घरात असेल असं वाटत नाही. आमच्याकडे मात्र तो चांगला रुळलाय. तो कसा आला ते सांगायचं तर आधी एका वादळाची गोष्ट सांगायला हवी, आणि मग थोडा इतिहासही. (नातेवाईक मंडळींनो, माझ्या सवयी तुम्हाला माहीत आहेत. इतिहासाशिवाय मला साधी भाजीसुद्धा फोडणीला टाकता येत नाही.)

आमचं ग्रीनहाऊस म्हणजे काही राजेशाही प्रकरण नाही. आठ फूट बाय सहा फूट, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यात दोन-दोन फुटांच्या पातळ काचा. उन्हाळ्यात त्यात टोमॅटो, मिरच्या, मेथी, कोथिंबीर आणि माझ्या कढीपत्त्याची कुंडी. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून बसवताना आम्ही दार मुद्दाम ईशान्येला ठेवलं होतं. शेजारच्या आजोबांनीच तसं सुचवलं होतं. "वाऱ्याला पाठ दाखवायची, पेट, तोंड नाही." (इथले म्हातारे समस्त स्त्रीवर्गाला ‘पेट’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुत्र्या-मांजराची आठवण होऊन राग आला होता. आता कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.)

२६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. त्या रात्री ‘आर्वेन’ नावाचं वादळ आलं, आणि ते आलं उलट्या बाजूने. उत्तर-ईशान्येकडून. नॉर्थंबरलंडमध्ये ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले. पश्चिमेच्या वाऱ्याशी झुंजायची सवय असलेली, त्या हिशेबाने मुळं रोवलेली मोठमोठी झाडं या अनोळखी दिशेच्या धक्क्याने उन्मळून पडली. जवळजवळ दहा लाख घरांची वीज गेली, काहींची तर आठवड्याहून जास्त दिवस. आम्ही मेणबत्ती लावून बसलो होतो. रात्री अकराच्या सुमाराला परसातून आधी घरंगळल्यासारखा आवाज आला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकामागून एक काचा फुटल्याचे आवाज.

सकाळी बघितलं तर सरकतं दार रुळावरून निघून लांब गवतात पडलेलं. आणि गंमत म्हणजे ज्या बाजूने वारा आला त्या बाजूच्या काचा जवळपास सगळ्या शाबूत! गेल्या होत्या त्या पलीकडच्या उतारावरच्या आणि पाठीमागच्या. एकूण अकरा. आढ्याची पट्टीही पिळवटलेली. कढीपत्ता थंडीमुळे घरात होता म्हणून वाचला.

समोरून मार बसला आणि मागचं का मोडलं, हे मला त्या सकाळी कळेना. आजोबा कुंपणापाशी आले. तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांनी दाराकडे बघितलं, छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "आत शिरला तो. बाहेर असेपर्यंत त्याच्याशी भांडता येतं."

पुढे वाचून समजलं ते असं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. छपरावरून वारा वाहतो तेव्हा वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या उतारावर तो दाबत नाही, उलट ओढ लावतो. घर बंद असेल तर ही ओढ सांगाडा आणि क्लिपा बहुधा सोसतात. पण दार उघडलं किंवा वाऱ्याच्या बाजूची एक काच जरी गेली, की वारा आत भरतो आणि आतून वर-बाहेर रेटायला लागतो. बाहेरून ओढ, आतून रेटा. दोन्हींची बेरीज झाली की छप्पर उडतं. म्हणजे अकरा काचा गेल्या त्या एका दारापायी, आणि दार गेलं ते एका पाच पेन्सच्या खिळीपायी, जी मी "उद्या लावू" म्हणून तीन आठवडे खिडकीत ठेवली होती.

मग मी नेहमीप्रमाणे इतिहासात शिरले. इतक्या वादळी बेटावर लोकांना काचेची घरं बांधायची दुर्बुद्धी (किंवा सुबुद्धी) झाली तरी कशी?

ब्रिटनमध्ये १७४६ पासून काचेवर कर होता आणि तो वजनावर होता. साहजिकच काच पातळ करण्याकडे कल. काचघर ही तेव्हा सरदार-दरकदारांची चैन. १८१६ मध्ये जॉन क्लॉडियस लाउडन या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञाने लोखंडाच्या बारीक, वाकवता येणाऱ्या पट्ट्या तयार केल्या आणि जाड लाकडी चौकटींच्या सावलीतून झाडांची सुटका केली. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि काचघर मध्यमवर्गाच्या परसात यायला लागलं. पण या सगळ्या प्रवासाची दिशा एकच होती. सांगाडा बारीक करा, काच पातळ करा, ऊन जास्त आत घ्या. उन्हासाठी जेवढं दार उघडायचं तेवढीच वाऱ्यापुढे मान द्यायची. हा व्यवहार तेव्हापासून आजपर्यंत बदललेला नाही.

या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू जोसेफ पॅक्स्टन. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, १८२६ मध्ये तेविसाव्या वर्षी चॅट्सवर्थला ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी झाला. तिथे त्याने १८३६ ते १८४० या काळात डेसिमस बर्टन या वास्तुविशारदाच्या साथीने प्रचंड काचघर उभं केलं. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच. ते गरम ठेवायला आठ बॉयलर. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी त्यातून घोडागाडीत बसून गेली. त्याचं छप्पर सपाट नव्हतं, बारीक बारीक घड्यांचं होतं, कागदी पंख्यासारखं. घडी घातली की कागदसुद्धा ताठ राहतो, तसंच ते.

पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्याने क्रिस्टल पॅलेस काढला. जवळपास तीन लाख काचा, प्रत्येकी ४९ इंच लांब, १० इंच रुंद आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाड. पन्हळींच्या कडांवरून चालणाऱ्या छोट्या ढकलगाड्यांत बसून कारागीर त्या बसवत जायचे. एका आठवड्यात ८० जणांनी १८ हजारांहून जास्त काचा बसवल्या. (मला अकरा काचांना तीन शनिवार-रविवार लागले. त्यातली एक मी बसवताना फोडली.)

लोकांना भीती होती ती वाऱ्याचीच. राजज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांच्यासारख्या मोठ्या माणसानेही ही इमारत टिकणार नाही म्हणून उघड शंका घेतली होती. गॅलऱ्या मजबूत आहेत का हे बघायला त्यांच्यावरून सैनिकांना पावलं आपटत चालवलं गेलं. खांबांच्या मधे लोखंडी तिरके ताण दिले होते, चौकोन तिरपा होऊ नये म्हणून. प्रदर्शन सुखरूप पार पडलं. हे तिरके ताण वाचताना माझा चेहरा पडला, कारण आमच्या ग्रीनहाऊससोबतही असे चार ताण आले होते आणि त्यातला एक आम्ही काढून ठेवला होता. तिथे कुंड्यांची मांडणी बसत नव्हती म्हणून!

प्रदर्शनानंतर तोच महाल सिडनहॅमला नेऊन आणखी मोठा करून उभारला. तिथे मात्र वाऱ्याने डाव साधला. फेब्रुवारी १८६१ च्या वादळात त्याच्या उत्तरेकडच्या पंखाचा भाग कोसळला. चिचेस्टरच्या कॅथीड्रलचा उंच मनोराही त्याच वादळात पडला, म्हणजे दगडाचीही गत काचेसारखीच. महाल उरला, वापरात राहिला आणि शेवटी ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत गेला. वाऱ्याने नाही.

क्यूच्या शाही उद्यानाची कहाणी आणखी वेगळी. तिथलं पाम हाऊस १८४८ मध्ये पूर्ण झालं. ऑगस्ट १८७९ मध्ये गारांचा असा मारा झाला की उद्यानातल्या काचघरांच्या मिळून ३८ हजारांहून जास्त काचा फुटल्या. त्या परत बसवल्या. १९५० च्या दशकात पाम हाऊसची मोठी डागडुजी झाली. १९८४ ते १९८८ मध्ये सगळी झाडं बाहेर काढून सांगाडा मोकळा केला, काचा धरणाऱ्या पट्ट्या नव्या घातल्या, सुमारे १६ हजार काचा बसवल्या. शेजारचं टेम्परेट हाऊस २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षं बंद ठेवून दुरुस्त केलं. आज लोक तिथे जाऊन "काय ते जुनं बांधकाम!" म्हणतात. पण त्यातली काच जुनी नाही, काच धरणारी पट्टी जुनी नाही. जुनी आहे ती दुरुस्त करत राहायची सवय.

आणि चॅट्सवर्थचं ते महाकाय काचघर? ते आज नाही. वादळात गेलं असेल असं वाटेल, पण नाही. ऐंशी वर्षं त्याने डर्बीशरचे वारे खाल्ले. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माळी लढाईवर गेले, आतली झाडं थंडीने मेली, लाकूड कुजायला लागलं, आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली. १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडावं लागलं. सहजासहजी पडलंही नाही म्हणे. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. जे घर वाऱ्याला ऐंशी वर्षं पुरून उरलं, ते हात फिरवणारं कोणी न उरल्यामुळे गेलं.

आता ड्यूकच्या बागेतून जरा खाली, आमच्या गल्लीत येऊया. डरहॅम हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९९३ च्या अखेरीस इथली शेवटची खाण बंद झाली. दिवसभर जमिनीखाली अंधारात काम करणाऱ्या या माणसांचा जीव कशात अडकलेला, तर गावाबाहेरच्या भाड्याच्या भाजीच्या तुकड्यात. त्यात कबुतरखाना आणि काचघर. काचघर कसलं, पाडलेल्या घरांच्या खिडक्या, खाणीतलं टाकाऊ लाकूड, मिळेल ते जोडून केलेलं खोपट. त्यात वाढायची लीक. (कांद्याच्या पातीचा थोरला, पैलवान भाऊ समजा.) सप्टेंबरात त्यांच्या स्पर्धा. लीकचं आकारमान घनइंचात मोजतात, आणि स्पर्धेआधी कोणी येऊन सुरी फिरवू नये म्हणून रात्री जागून पहारा देतात!

आमचे आजोबा त्यातलेच. त्यांचं खिडक्यांचं काचघर अनेक दशकं उभं होतं आणि आर्वेनमध्येही त्याची एकच काच गेली. त्यांनी ती रात्रीच, टॉर्च तोंडात धरून, फळीचा तुकडा ठोकून बंद केली होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी! मी म्हटलं, "अहो, काही झालं असतं म्हणजे?" तर म्हणाले, "एक भोक ठेवलं असतं तर सकाळी सगळंच गोळा करावं लागलं असतं."

त्या हिवाळ्यात त्यांनी मला जे शिकवलं ते कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते. सर्वांत आधी पाया. सांगाडा नुसता फरसबंदीवर ठेवलेला नको, चारी बाजूंनी बोल्टने घट्ट हवा. मग ताण. चारही. (हो, चारही!) मग क्लिपा. प्रत्येक काचेला कडेने किमान चार, वाऱ्याच्या बाजूला आणि छपराच्या काचांना सहा. खालची काच आणि वरची काच जिथे एकमेकींवर येतात तिथली आकडी वेगळी, ती वाकडी झाली असेल तर सरळ करत बसू नये, नवी घालावी. तडा गेलेली काच चिकटपट्टी लावून दोन दिवस चालेल, दोन महिने नाही. काचेऐवजी प्लॅस्टिकचे पोकळ पत्रे घातले तर फुटत नाहीत खरे, पण वाऱ्यात वाकतात आणि खाचेतून निसटून उडतात, म्हणून त्यांना कडेने सिलिकॉनची धार मारायची. आणि वादळाचा इशारा आला की दार, झरोके सगळं बंद, कडी-खिळीसकट.

आडोशाबद्दल त्यांचं म्हणणं मला आधी पटलं नव्हतं. मी ईशान्येला भरीव लाकडी कुंपण घालायला निघाले होते. त्यांनी मान हलवली. भरीव भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून आदळतो. निम्मा वारा जाऊ देणारी जाळी किंवा झुडपांची ओळ बरी. ती वाऱ्याला अडवत नाही, दमवते. तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तिचा फायदा मिळतो. आम्ही जाळी लावली आणि तिच्या पुढ्यात हॉथॉर्नची रोपं. आता ती माझ्या खांद्याला लागलीत.

हे सगळं ऐकताना मला एकसारखी आठवण येत होती ती अण्णांची. दापोलीजवळच्या आमच्या घरी मे महिन्यात शाकारणी निघायची. अण्णा स्वतः आढ्यावर. आम्ही पोरं खाली रांगेत, कौलं हातोहात वर द्यायला. फुटकं कौल काढायचं, सरकलेलं नीट करायचं, पालापाचोळा झाडायचा, पडवीला झडपेसाठी झाप बांधायचे. मला ऊन लागायचं, कंटाळा यायचा. "एका कौलाने काय होतंय, अण्णा?" मी एकदा म्हटलं होतं. त्यावर ते वरूनच ओरडले, "एका कौलातूनच शिरतो तो!" माझ्या डोक्यात त्या ‘तो’चा अर्थ पाऊस असा होता. चाळीस वर्षांनी, हजारो मैलांवरच्या एका खाणकामगाराने "आत शिरला तो" म्हटलं, तेव्हा कळलं की अण्णा वाऱ्याबद्दल बोलत होते.

२०२० च्या मे महिन्यात आमच्या घराची शाकारणी झाली नाही. लॉकडाऊन होता. गडी येऊ शकले नाहीत, दादा पुण्यात अडकला होता, मी इथे. अण्णा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. दापोली, मंडणगडपर्यंत नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या घराचं पश्चिमेचं छप्पर गेलं. शेजारच्या काकूंनी धाडलेल्या व्हिडिओत माळ्याची खिडकी सताड उघडी दिसत होती. शाकारणी झाली असती तर छप्पर राहिलंच असतं असं मी म्हणत नाही. मजबूत घरंही गेली त्या दिवशी. पण ती उघडी खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आर्वेनच्या दुसऱ्या दिवशी गवतात पडलेलं दार बघताना मला तीच दिसली होती. अकरा काचांसाठी मी तीन आठवडे बोटं कापून का घेतली, "मोडीत काढून टाकूया" म्हणणाऱ्या नवऱ्यावर का चिडले, हे तेव्हा त्याला सांगता आलं नाही. आता हे वाचून कळेल.

आजोबा २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्या मुलीने क्लिपांनी भरलेला त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मला आणून दिला. तोच घेऊन मी ऑक्टोबरात परसात जाते.

आणि आता मुख्य मुद्दा. गेले काही महिने आपल्या घरच्या ग्रुपवर घराचं काय करायचं यावर चर्चा चालली आहे. निम्म्या छपरावर अजून निळी ताडपत्री आहे. विकून टाकावं, पाडावं, सिमेंटचं बांधावं, सगळ्यांची मतं वाचली. मी गप्प होते, कारण लांब बसून भावुक होणं सोपं असतं हे मला माहीत आहे. पण चॅट्सवर्थची ती हकिकत वाचल्यापासून गप्प बसवत नाही.

दादा, मे महिन्यात मी तीन आठवड्यांसाठी येतेय. तिकीट काढलंय. वासे किती बदलावे लागतील ते एकदा सुताराला दाखवून ठेव. माई, मुलांना घेऊन ये, कौलं हातोहात द्यायला माणसं लागतील. पाडायचं की ठेवायचं ते आपण सगळे मिळून ठरवू, पण शाकारणी झाल्यावर, पडवीत बसून. ताडपत्रीकडे बघत नको.